शह दिली की शह दिला?

जानेवारीत संक्रांतीच्या दोन दिवस आधी माझ्या भाच्याचा अकरावा वाढदिवस झाला, तेव्हा नानांनी म्हणजे माझ्या वडिलांनी दरवर्षीसारखा त्याला ५०१ रुपयांचा चेक दिला. कॅश नाही, यूपीआय तर नाहीच नाही, चेक. नाना बँकेतून रिटायर झालेत आणि त्यांचं म्हणणं असं की पोराच्या नावानं चेक फाडला की पोराला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. पोराला तसं काही वाटलेलं दिसलं नाही, त्याचं सगळं लक्ष नानांच्या चेकबुकाच्या कव्हरकडे. मला म्हणे, आत्या, शाळेत तर सी-एच-ई-सी-के शिकवलं, यांनी शेवटी क्यू-यू-ई काय लावलंय?

मी म्हटलं बँकेचं स्पेलिंग वेगळं असतं. का वेगळं असतं? असतं. जा, तिळाचा लाडू खा.

पण मग ते डोक्यात बसलं. आणि एकदा बसलं की दिवसभर तोच शब्द ऐकू यायला लागतो, तुमचंही होत असेल असं. सकाळी आई विचारते गॅस चेक केला का, पेट्रोल पंपावरचा पोरगा "मैडम जीरो चेक कर लो" म्हणतो, आमच्या इंदूरात पलासिया चौकात हेल्मेटची चेकिंग, लॅबमध्ये शुगर चेक, भावाच्या अंगात चेक्सचा शर्ट, पूर्वी गाडीनं पुण्याला जायचं म्हणजे सेंधव्याला चेकपोस्टापाशी ट्रकांची ही एवढी लाइन, पुण्यात पोचल्यावर हॉटेलात चेक-इन, आणि गणपतीत मंडपातून "हॅलो, चेक, माइक चेक, वन टू थ्री" (थ्रीच्या पुढे गेलेला माणूस मी अजून ऐकलेला नाही). आता तपासणे, थांबवणे, चौकडीचं कापड आणि पैशाचा कागद, या चार गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? मला वाटायचं चार वेगळे शब्द असतील, योगायोगानं सारखे झाले. इंग्रजीत काय, काहीही होतं.

तर नाही. चारही एकच, आणि चौघांचा बाप आमच्या घरातच होता, नानांच्या तोंडात.

झालं असं की उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि भाचा रोज दुपारी नानांकडे बुद्धिबळ खेळायला यायला लागला. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून त्याच्या क्लासमध्ये मुलांची गर्दी वाढलीय, हाही त्यातलाच. एक दिवशी मी बाहेर उसळपोहे खात बसले होते, आतून भाच्याचा आवाज आला "चेक!" आणि थोड्या वेळानं नानांचा "शह!" मग परत चेक, परत शह. असं चाललं होतं. मी पोहे तसेच ठेवून मोबाइल काढला, कारण दोन दिवसांपूर्वीच रात्री त्या शब्दाबद्दल वाचता वाचता झोपले होते आणि त्यातलं अर्धं तेव्हा डोक्यात शिरलंच नव्हतं.

फारसीत शाह म्हणजे राजा. हे आपल्याला माहीत असतंच, बादशहा म्हणतो आपण. खेळात समोरच्याच्या राजावर आपलं मोहरं चालून गेलं की गुपचूप बसायचं नाही, तोंडानं सांगायचं "शाह!" म्हणजे बाबा रे तुझा राजा, सांभाळ. खेळ आपल्याकडचा, चतुरंग, तो साधारण सहाव्या शतकात इराणात गेला तिथे चतरंग झाला, पुढे अरबांकडे गेला तर त्यांच्या भाषेत च पण नाही आणि ग पण नाही, म्हणून त्यांनी शतरंज केलं. अरबांकडून स्पेन आणि सिसिलीमार्गे युरोपात. तिकडे त्या शाहचे जे हाल झालेत, लॅटिनमध्ये स्काकस, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक, आणि इंग्रजांनी तो एशेक घेतला, पुढचा ए झाडून टाकला आणि उरलं ते चेक. साल साधारण १३००. आणि त्याच एशेकचं अनेकवचन म्हणजे चेस. म्हणजे चेस या शब्दाचा अर्थ, ओढूनताणून केला तर, "राजेलोक". जर्मन अजूनही शाख म्हणतात, रशियन शाखमाती. फ्रेंचमध्ये एशेकचा अर्थ अपयश असाही होतो, जे मला फारच पटलं, भाच्याशी मीही खेळलेय.

आणि मराठीत शह. तोच शाह. आमच्या बैठकीत आजोबा-नातू समोरासमोर बसून एकच शब्द ओरडत होते, एकाचा फारसीतून सरळ मराठीत आलेला आणि दुसऱ्याचा अरबस्तान, फ्रान्स, इंग्लंड फिरून साहेबाच्या बोटीनं मुंबईला उतरून शाळेमार्गे आलेला. दोघांनाही वाटत होतं आपण आपापल्या भाषेत बोलतोय. मी आत जाऊन हे सांगितलं तर नाना म्हणाले "बरं, आता बाजूला हो, उजेड अडतोय."

चेकमेट पण तसंच. शाह मात. बरेच लोक सांगतात याचा अर्थ राजा मेला, पण फारसीत मात म्हणजे हतबल, अडकलेला असाही अर्थ आहे आणि खेळाला तोच जास्त शोभतो, कारण बुद्धिबळात राजा मरत कुठे, कोंडला जातो आणि डाव संपतो. दोस्तवाल्या मेटशी त्याचं काही नातं नाही. आपण "आजारावर मात केली" म्हणतो ती मात हीच. म्हणजे शह पण आपल्याकडे होता, मात पण होती, तरी पोरगं चेकमेट म्हणतं. म्हणू दे.

आता शब्द पुढे कसा सरकला ते बघा. राजाला शह बसला की बाकी सगळे बेत बाजूला ठेवावे लागतात, वजीर मारता येत असला तरी हात आवरायचा, आधी राजा. म्हणून इंग्रजीत चेकचा अर्थ चौदाव्या शतकातच खेळाच्या बाहेर आला, अचानक थांबवणं, रोखणं, लगाम लावणं, दटावणं. आणि गंमत म्हणजे मराठीनं इंग्रजीला न विचारता नेमकं हेच केलं. आपल्याकडे एखाद्याची चाल रोखली की त्याला शह दिला. निवडणुका आल्या की मराठी पेपरांत "शह-काटशहाचं राजकारण" असतंच असतं, तो शब्द काढून टाकला तर निम्म्या हेडलाइनी पडतील.

पण आम्ही इंदूरचे. आमच्या घरी मराठी पेपर एक दिवस उशिरा यायचा आणि हिंदी पेपर सकाळी चहाबरोबर. आणि हिंदीत शह म्हणजे उलटं! "नेताजी की शह पर अवैध कब्जा", म्हणजे नेताजींनी त्या कब्जेवाल्याला रोखलं नाही, आतून फूस दिली, पाठबळ दिलं. शह देना म्हणजे चढवणं, भडकवणं. एकच शब्द, नर्मदा ओलांडून थोडं खाली गेलं की विरोध आणि इकडे असलं की पाठिंबा. आणि आम्ही दोन्हीच्या मध्ये राहतो, त्यामुळे आमची मराठी म्हणजे पोह्यावर शेव, कुठे पोहे संपतात आणि कुठे शेव सुरू होते ते खाणाऱ्याला कळत नाही.

याच्यावरून माझी एकदा जी काही फजिती झालीय. पुण्याच्या वहिनींचा फोन होता, माझ्या चुलतभावाच्या बायकोचा, आणि बोलता बोलता मी म्हटलं की पोरगा हल्ली मोबाइल फार बघतो हो, आणि आईची त्याला पूर्ण शह आहे. वहिनी म्हणाल्या, अगं बरं झालं, कोणीतरी शह द्यायलाच हवा होता. मी म्हटलं बरं कसलं, आईनंच शह दिली म्हणून तर एवढं वाढलं. त्या म्हणाल्या असं कसं, काकूंनी शह दिल्यावर कमी व्हायला पाहिजे ना? मी म्हटलं कमी कशाला होईल, आजीच म्हणते बघ बाळा बघ. पाच-सात मिनिटं हे चाललं. त्यांना वाटत होतं आई चांगलं काम करतेय आणि मी तिच्यावर उगाच चिडलेय, मला वाटत होतं पुण्यात नातवंडांना मोबाइल देण्याची काही नवीन पद्धत आलीय की काय. शेवटी नाना मागून ओरडले, "शह दिला म्हणतात मराठीत, दिली नव्हे! आणि तुला म्हणायचंय फूस लावली!"

म्हणजे लिंगसुद्धा वेगळं. हिंदीत ती शह, मराठीत तो शह. "दिली" म्हटलं तिथेच मी पकडली जायला हवी होते पण वहिनी सज्जन आहेत, त्यांना वाटलं इंदूरकडे असंच बोलत असतील. बोलतोच.

हिंदीत असं उलटं का झालं असावं याचा मी थोडा शोध घेतला. हिंदी कोशात शहचा बुद्धिबळाचा अर्थ पहिला आहेच, भडकावण्याचाही आहे, आणि अजून एक आहे जो मला माहीतच नव्हता, पतंगाची डोर ढिली सोडत सोडत पतंग पुढे जाऊ देणं त्याला पण शह देणं म्हणतात. आपण ढील देणं म्हणतो ते. मला वाटतं फूस लावण्याचा अर्थ याच्याच शेजारचा, सोडा, जाऊ दे, मी आहे मागे मांजा धरून. माझा अंदाज आहे हा, भाषातज्ज्ञांनी मारायला येऊ नये. पण संक्रांतीला गच्चीवर आईला मी बघितलंय, नातवाचा पतंग चढत असताना "जाऊ दे जाऊ दे सोड सोड" करताना, आणि मोबाइलच्या वेळचा चेहरा अगदी तोच असतो.

असो, क्यू राहिला. क्यूसाठी बाराव्या शतकात इंग्लंडला जावं लागतं. तिथे दुसरा हेन्री राजा आणि त्याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील, यानं खजिन्याचं काम कसं चालतं त्याचं प्रश्नोत्तराच्या रूपात एक पुस्तकच लिहून ठेवलंय, ११७० नंतरच्या वर्षांत. त्यात वर्णन आहे की दहा फूट लांब पाच फूट रुंद टेबल, कडेला चार बोटं उंचीचा काठ, म्हणजे सोंगट्या खाली पडू नयेत, आणि वर रेघा मारलेलं काळं कापड. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेर, जिल्ह्याजिल्ह्याचे शेरिफ वसुलीचा हिशोब द्यायला यायचे. तेव्हा तिकडे आकडे रोमन आणि शून्याचा पत्ता नाही, त्या आकड्यांत बेरीज करून बघा एकदा, म्हणून कापडावर रकाने, हा पेन्सचा, हा शिलिंगचा, हा पौंडांचा, पुढे विसांचा, शंभरांचा, आणि त्यात सोंगट्या मांडत जायच्या. वाचता न येणाऱ्यालाही दिसावं किती दिले आणि किती राहिले. आपल्याकडे होळकरांच्या फडणिसासमोर एखादा कमाविसदार घाम पुसत बसलाय असं डोळ्यासमोर आणा, फक्त मध्ये पट आहे. फिट्झनीलनं स्वतःच म्हटलंय की बुद्धिबळात जशी दोन बाजूंची लढाई तशी इथे खजिनदाराची आणि शेरिफची.

त्या कापडावरून, ते बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं म्हणून, अख्ख्या खात्याचं नाव पडलं एक्सचेकर. पट म्हणजे फ्रेंचमध्ये एशेकिए, त्याचं हे. पुढचा एक्स पण खोटाच आहे, नंतरच्या शिकलेल्या लोकांना वाटलं हा लॅटिनमधला एक्स असणार, लावला. आजही ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात, म्हणजे हिशोब केला तर पटाचा दिवाण, आणि आत खोल कुठेतरी आमचा शह.

याच खात्याची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पैसे भरल्याची पावती म्हणून हे लोक लाकडाची काठी वापरायचे, रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या आणि काठी उभी चिरायची, अर्धी त्याच्याकडे अर्धी यांच्याकडे. पुढच्या वेळी दोन्ही तुकडे जोडून बघायचे, खाचा जुळल्या तर खरं. शेकडो वर्षं हे चाललं, १८२६ मध्ये बंद झालं, मग त्या काठ्यांचं करायचं काय तर १६ ऑक्टोबर १८३४ ला लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्टीत घालून जाळल्या आणि त्या आगीत जवळजवळ अख्खी पार्लमेंटची इमारत गेली. रद्दीवाल्याला दिल्या असत्या तर! आपल्या इंदूरच्या राजवाड्यालाही आगी लागल्यात म्हणा, पण जुन्या पावत्या जाळताना नाही.

तर अर्धा भाग आपल्याजवळ ठेवून नंतर जुळवून बघायचं, हेच डोकं पुढे बँकांनी वापरलं. रोखणं, ताब्यात ठेवणं, मग चूक पकडायला पडताळून बघणं, असा सरकत सरकत चेकला तपासण्याचा अर्थ सतराव्या शतकाच्या शेवटी लागला. अठराव्या शतकात चेक म्हणजे पैशाचा कागद नव्हे, त्या कागदाचं जे स्थळप्रत म्हणून मागे राहतं ते, खोटेपणा पकडायला. हळूहळू जोडीदाराचं नाव कागदालाच पडलं. स्पेलिंग तेव्हा साधं सी-के होतं. मग इंग्लंडात लोकांना वाटलं हा पैशाचा मामला आहे, एक्सचेकरमध्ये क्यू आहे तर इथेही पाहिजे, आणि एकोणिसाव्या शतकात क्यू-यू-ई चिकटलं. अमेरिकेनं चिकटवलं नाही, ते अजून सी-के लिहितात, आणि हॉटेलात बिल मागवायचं तर वेटरकडे पण चेकच मागतात. भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला म्हणजे शाळेतलं अमेरिकेत बरोबर आहे? मी म्हटलं हो, पण मार्क इंदूरमध्ये मिळणारेत.

मध्यंतरी फॅमिली ग्रुपवर एकानं टाकलं होतं की चेक हा शब्द अरबी सक्कपासून आला. अरब व्यापाऱ्यांमध्ये सक्क नावाचा कागद होता हे खरं, दहाव्या शतकात इब्न हौकल नावाच्या प्रवाशानं सहाराच्या पलीकडे ४२,००० दिनारांचा एक सक्क पाहिल्याचं लिहिलंय, बाप रे केवढी रक्कम. पण इंग्रजी शब्दाचा माग काढला तर तो बुद्धिबळाकडेच जातो, आवाज सारखा आहे एवढंच. मी तसं ग्रुपवर लिहिलं, तीन जणांनी अंगठा दिला आणि चौथ्यानं गुड मॉर्निंगचं फूल.

चेक्सचा शर्ट पण त्याच पटावरून, हे आता सांगायला नको. पण यात एक मजा आहे. पटाला काळे-पांढरे घर रंगवायची पद्धत युरोपातली, इथे जुने पट एकरंगी असायचे, नुसत्या रेघा. नानांकडे त्यांच्या आजोबांचा एक कापडी पट आहे, लाल, आता विटलेला, त्यावर दोऱ्यानं चौकोन शिवलेत, आणि काही घरांत फुल्या आहेत. त्या फुल्यांचं बुद्धिबळात काहीच काम नाही. अष्टापद नावाचा जो त्याहून जुना खेळ होता त्याच्या पाटावरच्या खुणा या, खेळ गेला तरी शिवणाऱ्या बायका फुल्या शिवत राहिल्या. तेव्हा चौकडीच्या कापडाला चेक्स म्हणणं हे आपल्या पटावरून होऊच शकलं नसतं. मागे महेश्वरला साडी घ्यायला गेले होते तेव्हा विणकराच्या घरच्या बाईंनी चौकडी म्हटलं आणि रस्त्यावरच्या दुकानदारानं "दीदी चेक्स में दिखाऊँ?" मी चेक्समधली घेतली. हिरवी आहे, छान आहे, आणि आता ती नेसताना आपण अंगभर शहा गुंडाळलेत असं वाटतं.

आता त्या ५०१ रुपयांचं. मेमध्ये भाच्याला आठवलं की जानेवारीचा चेक भरायचाच राहिला, तो त्यानं भूगोलाच्या वहीत खूण म्हणून ठेवला होता. मी म्हटलं आता काय उपयोग. नाना म्हणाले सहा महिने चालतो गं चेक, चाळीस वर्षं मी काय केलं बँकेत, आणि स्वतः त्याला घेऊन गेले, ऊन डोक्यावर, टोपी घालून. काउंटरवरच्या मुलीनं बघितला आणि सांगितलं काका तीनच महिने. हे १ एप्रिल २०१२ पासून बदललंय. नाना त्याच्या तीन वर्षं आधी रिटायर झाले. बँकेत अशा चेकला शिळा म्हणतात, हा शब्द नानांनीच मला लहानपणी शिकवला होता, तो त्यांनी तिथे त्या मुलीला सांगितला नाही.

परत येताना छप्पन दुकानला थांबून दोघांनी थंड काहीतरी घेतलं, किती घेतलं ते मला सांगितलेलं नाही. घरी आल्यावर नानांनी नवा चेक फाडला, तारीख दोनदा वाचून. भाच्यानं तो हातात घेतला आणि म्हणाला, नाना, तुम्ही "चेक वटला" म्हणता ना, मग हे वटणं कुठून आलं?

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्याला परत नानांकडे पाठवलाय.